महागाई आली कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते आणि व्याजदर वाढला की घरकर्जाचा हप्ता वाढतो, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यामागचा हिशेब मात्र सहसा कुणी उघड बोलून दाखवत नाही. कर्ज महाग झालं की लोक खरेदी लांबणीवर टाकतात, कारखान्यांच्या ऑर्डरी घटतात, काहींचं काम जातं, आणि मग कुठे भाव थंडावतात. महागाई उतरवण्याची किंमत कुणाच्या तरी रोजगारातून वसूल होते. ती किंमत केव्हा मोजावी आणि केव्हा ती फुकट जाते, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

इचलकरंजीतला एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांपुढे आणा. लग्नसराईत कापडाला उठाव आला, मीटरमागे भाव चढला. कामगाराची मजुरी मात्र ठरलेली, वर्षातून एकदाच बदलणारी. मधल्या फरकात कारखानदाराला नफा दिसतो. तो बंद ठेवलेले माग चालू करतो, रात्रपाळी लावतो, नवे कामगार घेतो. असं हजारो ठिकाणी एकाच वेळी घडलं की देशाचा एकूण पुरवठा वाढतो. भाव चढतात आणि बेकारी उतरते. पण हे किती दिवस चालणार? कामगारालाही बाजारहाट करावा लागतो. तेल, डाळ, खोलीभाडं सगळंच वाढलंय हे त्याला घरी कळतं आणि पुढच्या वेळी तो मजुरीवाढ मागतो, जी त्याच्या हक्काचीच असते. तोवर सूतही महागलेलं असतं. कारखानदाराच्या हातातला फरक संपतो, रात्रपाळी बंद होते. भाव मात्र वरच राहतात.

आता याच कारखान्यावर दुसरी वेळ येऊ द्या. कापडाला मागणी पहिल्याइतकीच आहे, पण कापसाचं पीक गेलं, सूत कडाडलं, विजेचा दर वाढला. कारखानदार कापडाचा भाव वाढवतो, आणि तरीही परवडत नाही म्हणून माग बंद ठेवतो. इथे भाव चढतात आणि त्याच आठवड्यात माणसंही घरी बसतात, कारण पुरवठाच आखडलेला असतो. महागाईचे हे दोन प्रकार बाजारात सारखेच दिसतात, पण त्यांवरचा इलाज एक नाही.

महागाई आणि बेकारी या दोघींच्या नात्याला ज्यांचं नाव चिकटलं ते ए. डब्ल्यू. फिलिप्स न्यूझीलंडमध्ये जन्मले. शिक्षणानं इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी १९४९ साली एक यंत्र बनवलं. टाक्या, नळ्या आणि झडपा यांतून वाहणाऱ्या रंगीत पाण्यानं ते देशाचा पैसा कसा फिरतो हे दाखवत असे: कर इकडे, बचत तिकडे, आयात बाहेर. मग १९५८ साली त्यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातल्या मजुरीचे आणि बेकारीचे आकडे आलेखावर मांडले. बेकारी कमी असताना मजुरी झपाट्यानं वाढते, बेकारी जास्त असताना रेंगाळते, हे त्यातून दिसलं. फिलिप्स यांच्या हिशेबानं, उत्पादकता दरवर्षी २ टक्के वाढत असेल तर बेकारी अडीच टक्क्यांच्या आसपास ठेवून वस्तूंचे भाव स्थिर राहू शकत होते. त्यांनी तपासलं होतं ते मजुरीचं मान. १९६० साली पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेसाठी तीच आकृती भाववाढीला लावली, आणि सरकारांना त्यातून सोयीचा अर्थ मिळाला: थोडी महागाई सोसू या, बेकारी कमी होईल.

मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बजावलं की हा सौदा टिकणारा नाही. लोक महागाई गृहीत धरायला लागले की मजुरीचे करारही त्याच अंदाजानं होतात. बेकारी मूळ पातळीवर परत येते आणि महागाई तेवढी कायमची मुक्कामाला राहते. मघाच्या कारखान्यात रात्रपाळी बंद झाली, ती याच कारणानं.

त्यानंतर आलं १९७३ साल. ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब तेल उत्पादकांनी पुरवठा रोखला, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप १९७४च्या सुरुवातीला अकरा डॉलरच्या पुढे गेलं. अमेरिकेत महागाई ११ टक्क्यांवर पोचली आणि मे १९७५मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर. एक चढली की दुसरी उतरते, हा पाठ त्या दोन वर्षांत कुचकामी ठरला.

आपल्याकडे मात्र ही वेळ तेलाच्याही आधी आली होती. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या घरात अजून मिलोच्या भाकरीची आठवण निघते, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची. देशाचं अन्नधान्य उत्पादन १९७१-७२मध्ये साडेदहा कोटी टन होतं, पुढच्या वर्षी ते नऊ कोटी सत्तर लाख टनांवर आलं. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात तर शेतात कामच उरलं नाही. धान्य महाग आणि हाताला काम नाही, ही दोन्ही संकटं एकाच वेळी एकाच घरावर कोसळली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेल, साखर, धान्य माफक भावात द्या म्हणून. त्यावर तेलाचा दणका बसला. १९७३-७४मध्ये घाऊक भाव सुमारे २० टक्के चढले, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे २५ टक्के. मे १९७४मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला. जुलैमध्ये सरकारनं वटहुकूम काढून नोकरदारांची पगारवाढ आणि महागाई भत्त्यातली निम्मी वाढ सक्तीच्या ठेवीत अडकवली. महागाई मागणीतून आली आहे असं धरून लोकांच्या हातातला पैसा काढून घ्यायचा, हा तो मार्ग. त्यानं महागाईचा वेग रोखायला हातभार लावलाही असेल, पण पेरणी गेलेल्या शेतकऱ्याला त्यातून एक क्विंटल ज्वारी मिळाली नाही.

याच काळात महाराष्ट्रानं जे वेगळं केलं त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. दुष्काळी कामांवर मे १९७३मध्ये सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी खायची. मजुरी थोडी होती, उन्हातलं काम जिवावरचं होतं, हे विसरून चालणार नाही. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह असा होता की काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची बांधिलकी असावी, दुष्काळापुरती दया नको. त्यातून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बेकार माणसाच्या हातात मजुरी आली, आणि त्याच्याच श्रमातून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती उभी राहिली. विहिरीला पाणी आलं की पुढच्या हंगामात पीक वाढणार, म्हणजे पुरवठा वाढणार. महागाई आणि बेकारी दोन्हींवर एकाच वेळी चालणारा असा इलाज फार थोड्या ठिकाणी झाला आहे. सगळी कामं चांगली झाली नाहीत. कित्येक बांध पहिल्या दोन पावसांत वाहून गेले, हजेरीपटावर खोटी नावंही चढली. तरी दिशा बरोबर होती. पैसा उभा केला तोही विचारपूर्वक: नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५मध्ये आला तो याच योजनेसाठी. मुंबई-पुण्यात पगारपत्रकावर महिन्याला जे दोनशे रुपये वजा दिसतात, त्यांचं मूळ त्या दुष्काळात आहे.

अमेरिकेनं पुढे दुसरी वाट धरली. पॉल व्होल्कर ऑगस्ट १९७९मध्ये फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाले आणि त्यांनी व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात जाऊ दिले. १९८०मध्ये साडेतेरा टक्के असलेली महागाई १९८३मध्ये तीन टक्क्यांच्या थोडी वर आली. मधल्या काळात, १९८२च्या अखेरीस, बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. कृष्णवर्णीयांमध्ये ती वीस टक्क्यांहून जास्त होती. व्होल्कर यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं महागाई मुरली होती, प्रत्येक करारात ती धरलेली होती, आणि लोकांचा तो समज मोडायला कठोर उपाय लागला. पण त्या विजयाचे गोडवे गाताना डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यातून घरी बसलेल्या कामगाराचा हिशेबही त्याच पानावर लिहायला हवा.

आता आपल्याकडे या. २०१६पासून रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीला महागाई ४ टक्क्यांवर, दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवण्याचं बंधन आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता. लासलगावला अवकाळी पावसात कांदा भिजला की हा निर्देशांक उसळणार. व्याजदर वाढवून कांदा वाळत नाही. तिथे कांदा साठवायच्या चाळी लागतात, शीतगृहं लागतात, वेळेवर आयात-निर्यातीचे निर्णय लागतात, तेही शेतकऱ्याला बुडवून नव्हे. आणि कांद्याची महागाई रिक्षाभाड्यात, शाळेच्या फीमध्ये, मजुरीच्या करारांत उतरायला लागली, तर मात्र व्याजदराला हात घालावाच लागेल. ही सीमा ओळखणं हेच त्या समितीचं सगळ्यात अवघड काम आहे.

अमेरिकी संसदेनं १९७७ साली कायदा करून तिथल्या मध्यवर्ती बँकेवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: भाव स्थिर ठेवायचे आणि रोजगारही जास्तीत जास्त ठेवायचा. आपल्या कायद्यात भावस्थिरता हे मुख्य उद्दिष्ट आहे, वाढीचं भान ठेवून. रोजगाराचा वेगळा उल्लेख तिथे नाही. तो घालावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो होईपर्यंत निदान एवढं तरी सुरू करता येईल: समितीनं व्याजदर वाढवताना पुढच्या वर्षातल्या महागाईचा अंदाज जसा जाहीर केला जातो, तसा त्या निर्णयानं किती लोकांच्या कामावर परिणाम होईल याचाही अंदाज जाहीर करावा, आणि वर्षानं तो तपासून पुन्हा लोकांसमोर ठेवावा.

नमस्कार.