डब्यात उरलेली पट्टी

(दृश्य : कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. रात्रीचे साडेदहा. बोनेट उघडं, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली.)

गाडी सुरू झाली. पहिल्याच चावीला. दोन रविवार आणि मधल्या चार संध्याकाळी घालवून आम्ही घरच्या घरी वॉटर पंप बदलला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "झाली का एकदाची?" त्यात कौतुक किती आणि हुश्श किती, हे पुण्यात विचारायचं नसतं.

मग मी नट-बोल्टांचा डबा उचलला. श्रीखंडाचा, अर्ध्या किलोचा. तो खुळखुळला.

आत एक पत्र्याची पट्टी होती. बोटाएवढी, काटकोनात वाकवलेली. आणि सोबत दहा नंबरचा एक बोल्ट.

शेजारचे काका पिंपरीच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली. म्हणाले, "आमच्याकडे पार्ट उरला की लाइन थांबायची. तुमच्याकडे पार्ट उरला की डब्याला झाकण लागतं."

(दृश्य : डब्याचा क्लोजअप. हळूहळू इंजिनाकडे.)

पट्टीचं नंतर बघू. आधी जो पार्ट सापडलाच नाही, त्याची गोष्ट.

गाडी मी सेकंडहँड घेतली. तिचा तापमानाचा काटा कधी वर चढायचाच नाही. मला वाटायचं, इंजिन किती थंड डोक्याचं आहे! डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की सिंहगड रोड संपेपर्यंत हीटरमधून गार वारा यायचा. अॅव्हरेजही पडलेलं. पंपासाठी वरचं हाउसिंग खोललं, तेव्हा कळलं. थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. आधीच्या कोणीतरी तो काढून वर झाकण नीट बसवून दिलं होतं. पॅकिंगसुद्धा नवीन!

आपल्याकडे हा उपाय सर्रास चालतो. कात्रजच्या चढाला गाडी तापली, मेस्तरींनी थर्मोस्टॅट काढला, गाडी तापायची थांबली, मालक खूश. आता त्या पार्टचं काम बघा. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना झडप बंद, पाणी फक्त इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. वायर नाही, सेन्सर नाही, फक्त मेण. जुनं होऊन ते बंद अवस्थेतच अडकलं की गाडी तापते, हे खरं. पण मग नवीन बसवायचा. काढून टाकला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कोमटच राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमध्ये उतरलेला ओलावा आणि पेट्रोल उडून जायला पुरेशी धग मिळत नाही, ऑइल लवकर खराब होतं. आणि गंमत पुढेच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती उघडताना एक आडवाट बंद करते. तो नसला की आडवाट सताड उघडी. थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. म्हणजे ज्या घाटासाठी पार्ट काढला, त्याच घाटात गाडी पुन्हा तापू शकते.

(दृश्य : स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, पाण्यात दोऱ्याने लोंबकळणारा थर्मोस्टॅट.)

नवीन नाना पेठेतून आणला. त्यावर 82 कोरलेलं आहे, अंश सेल्सिअस. काकांना कोरलेल्या आकड्यावर विश्वास नाही, म्हणून ही परीक्षा. थर्मामीटर ऐंशीच्या पुढे गेला आणि झडप आवाज न करता सरकली. पाणी निवलं तशी मिटली. पातेलं आईने त्यानंतर गाडीलाच देऊन टाकलं.

बसवताना मी एक चूक केली. त्याच्या कडेला एक छोटी, सैल, हलणारी पिन असते. हवा बाहेर पडायला. ती वरच्या बाजूला यायला हवी. माझी खाली आली. पुन्हा खोललं. एक संध्याकाळ गेली.

(दृश्य : पाऊस. दरवाजाचं आतलं पॅनेल काढलेलं, फाटकं प्लॅस्टिक.)

हे गेल्या जुलैमधलं. बाहेर पाऊस आणि आत, ड्रायव्हरच्या पायाखाली, कार्पेट ओलं. वास असा की मुलं मागे बसायला तयार नाहीत. आधी काचेच्या रबरावर संशय, मग फ्लोअरला भोक पडल्याचा. शेवटी दरवाजावर तांब्या-तांब्याने पाणी ओतलं, तेव्हा चोर सापडला.

खिडकीच्या काचेशी जी रबराची पट्टी असते, ती सगळं पाणी अडवत नाही. तशी अपेक्षाच नसते. पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. पोट आणि आपलं आतलं पॅनेल यांच्यामध्ये एक पॉलिथिनचा कागद असतो, काळ्या चिकट गमाने डकवलेला. स्पीकर बसवताना, काचेचं मशीन बदलताना तो आड येतो. मग कोणीतरी फाडतो, आणि पॅनेल वर बसल्यावर कोणाला दिसणार? जानेवारीत फाडलेल्या कागदाचं बिल जूनमध्ये येतं. मी जाड प्लॅस्टिक कापून, ब्यूटाइल टेपने चारही बाजूंनी चिकटवलं, खालची कड दरवाजाच्या आत खोचली. तीच कड महत्त्वाची. साधी डबलटेप लावू नका, ओलीने सुटते. तळाची भोकंही काडीने मोकळी केली. त्यांत पिंपळाचं एक पान होतं.

(दृश्य : गाडीखालून. लोंबकळणारं काळं प्लॅस्टिक, केबल टाय.)

इंजिनाखालचं काळं प्लॅस्टिक सोसायटीच्या स्पीडब्रेकरांनी आधीच अर्धं खाल्लेलं असतं. रस्त्यात तळं साचलं की हेच प्लॅस्टिक पाणी बेल्टवर उडू देत नाही. नसलं की बेल्ट घसरतो, किंचाळतो. क्लिपा मोडल्या असतील तर नाना पेठेत सुट्या मिळतात. पण एका टायवर लोंबकळत ठेवू नका. असल्या लोंबकळण्यापेक्षा ते पूर्ण काढलेलं बरं, असं माझं मत आहे. काकांचं नाही.

सायलेन्सरवरचा पातळ पत्रा मात्र दोघांच्याही मते काढायचा नाही. गंजाने बोल्टाचं भोक मोठं होतं, पत्रा खडखडतो, आणि कात्री घेऊन कोणीतरी येतंच. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या काही ठिकाणी कित्येक शे अंशांनी तापतात आणि जवळच पेट्रोलची लाइन असते, वर आपलं कार्पेट. बोल्टाखाली मोठं वायसर घाला. नाहीतर पत्र्याभोवती लांब होज क्लिप आवळा. खडखड थांबते.

मग काहीच सोडायचं नाही का? इंजिनावरचं मोठं प्लॅस्टिकचं झाकण बऱ्याच गाड्यांत फक्त आवाज दाबायला आणि दिसायला असतं. काकांच्या गाडीचं ते झाकण दहा वर्षं त्यांच्या पलंगाखाली आहे. विचारलं तर विषय बदलतात. पण एअर फिल्टर त्याच झाकणात असेल तर ते पलंगाखाली चालणार नाही. फिल्टरच्या नळीला जोडलेला रिकामा डबाही निरुपयोगी दिसतो. तो काढला की गाडी गुरगुरते. वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, तिथे मंजुरीसाठी आलेल्या गाडीचा आवाजही मोजतात. ती गाडी सगळे डबे लावूनच येते.

आणि काही गोष्टी परत लावायच्याच नसतात. ऑइल ड्रेन बोल्टचं वायसर एकदाच चेपतं. चाकाच्या मधल्या, हबच्या नटातली स्प्लिट पिन एकदाच वाकते. काही इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना ताणले जातात, पुन्हा वापरले तर पकड राहत नाही. माझ्या डब्यात अशी चार जुनी वायसर आहेत. ती उरलेली नाहीत, बाद झालेली आहेत.

(दृश्य : पुन्हा पार्किंग. काका टॉर्च घेऊन बोनेटमध्ये वाकलेले.)

पट्टीचं काय झालं? काकांनी मला पार्ट शोधायला लावलाच नाही. म्हणाले, "डाग शोध." जिथे इतकी वर्षं एखादा पार्ट बसलेला असतो, तिथे धूळ आणि ऑइलचा थर नसतो. पट्टीच्या आकाराचा स्वच्छ तुकडा उरतो. आम्ही टॉर्च आडवी धरून इंजिनभर फिरवली. वीस मिनिटांनी, एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून, वीतभर अंतरावर, चकचकीत चौकोन दिसला. मधोमध रिकामं आट्याचं भोक. त्याखालून वायरिंगचा जुडगा गेलेला. जो ही पट्टी नसल्यामुळे आता खाली झोल खाऊन मॅनिफोल्डकडे झुकला होता. अजून टेकला नव्हता.

"इंजिन बंद कर, गार होऊ दे," काका म्हणाले.

आम्ही पाऊण तास बाकावर बसलो. काकूंच्या गॅलरीतला दिवा मालवला. मग जुडगा उचलला, पट्टी बसवली, आणि बोल्ट आवळायला दहाचा पाना शोधायला लागलो. तो सापडत नव्हता.