ताईच्या दुखण्याची भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

माझी थोरली बहीण जन्मापासून कर्णबधिर. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घरात अहिराणी. पण ताईची भाषा हातांची. मूकबधिर शाळेत ती खाणाखुणांची भाषा शिकली आणि मी तिच्याकडून.

मी बारा वर्षांचा असताना तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं. आई तिला शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली, सांगायला मला सोबत नेलं. बाहेर नंबर पुकारत होते, ते ताईला कसं कळणार? आई पाण्याला गेली, मी खिडकीशी उभा, तेवढ्यात नंबर निघून गेला. पुन्हा दीड तास. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय व्हयनं माय?" विचारलं माझ्याकडे बघून. तोंडावर मास्क, त्यामुळे ओठही दिसेनात. ताई पाळीबद्दल सांगत होती. मला लाज वाटली. "पोट दुखतंय," एवढंच मी सांगितलं. गोळ्या मिळाल्या. खरं दुखणं पुढे कितीतरी महिने तिच्या अंगातच राहिलं.

ते मला अजून सलतं. पण बारा वर्षांच्या पोराला दुभाषा करणं, हीच मुळात चूक होती.

लोक म्हणतात, लिहून द्या ना. पण खाणाखुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं, मराठीसारखं नाही. ताईला "उपाशीपोटी" हा शब्द वाचता येतो, पण तो तिला परका. मी गोळ्यांच्या पाकिटांवर रिकामं ताट नि भरलेलं ताट काढून देतो, तेव्हा तिची चूक होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या पंचविसाव्या कलमात सरकारी आणि खाजगी, दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात अग्रक्रम सांगितला आहे. रॅम्प झाले, चांगलंच झालं. पण ताईचा अडथळा पायरीचा नाही. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे, त्यांचा दहा हजार शब्दांचा कोश आहे. आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारच्या ओपीडीत मात्र मला अजून एकही दुभाषा भेटलेला नाही.

डॉक्टरसाहेब, नर्सताई, तुम्ही ऐकत असाल तर एवढं करा. नंबर आला की खांद्याला हात लावून बोलवा. बोलताना पेशंटकडे बघा. आणि दुभाषा फोनवर, व्हिडिओ कॉलनेही मिळतो.

गेल्या महिन्यात ताईच्या शाळेतल्या जुन्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. डॉक्टरांनी मोबाइल टेबलावर उभा केला, ताईचे हात भराभर चालू लागले. मी उठलो आणि दार ओढून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.