चौकातल्या पेटीची भाषा

सिग्नलचे दिवे सगळ्यांना दिसतात. कोपऱ्यावर उभी असलेली पेटी मात्र कुणी पाहत नाही. पाहिलीच तर तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवायला. आज मी त्या पेटीविषयी, म्हणजे ती नियंत्रण कक्षाशी कोणत्या भाषेत बोलते त्याविषयी बोलणार आहे. उदाहरण अमेरिकेचं घेतो.

तिथे पूर्वी प्रत्येक कंपनीच्या कंट्रोलरची, म्हणजे पेटीतल्या दिवे चालवणाऱ्या यंत्राची, बोली वेगळी असायची. एकदा एका कंपनीचा माल घेतला की शहर तिच्या दावणीला बांधलं गेलं. म्हणून नव्वदच्या दशकात उत्पादकांची संघटना नेमा, राज्यांच्या महामार्ग खात्यांची आश्टो आणि वाहतूक अभियंत्यांची आयटीई यांनी मिळून एक सामाईक भाषा बांधली: एनटीसीआयपी. व्याकरण उसनं घेतलं, राउटरवर लक्ष ठेवण्यासाठी आलेल्या एसएनएमपीचं.

या भाषेत प्रत्येक गोष्टीला आकड्यांचा पत्ता असतो. १.३.६.१.४.१.१२०६ इथपर्यंत आलात की नेमाच्या दारात पोहोचलात. तिथून पुढे ४.२.१.१.२.१.४.२ असं गेलात की दुसऱ्या फेजचा, म्हणजे वाहतुकीच्या दुसऱ्या पाळीचा, किमान हिरवा. तिथे १० लिहिलं की त्या रांगेला निदान दहा सेकंद मिळणारच. कोणत्याही कंपनीची पेटी असो, पत्ता तोच. त्या काळच्या १२०० बॉडच्या, म्हणजे फारच संथ, लाइनवर एवढा लांब पत्ता सारखा पाठवणं परवडेना, म्हणून एसटीएमपी नावाचं आखूड रूपही काढलं. त्याचं शीर्षक, म्हणजे संदेशाच्या सुरुवातीचा पत्त्याचा भाग, एका बाइटचं. काटकसर अशी असते!

एनटीसीआयपीतल्या सिग्नलसाठीच्या मानकाचा क्रमांक १२०२. त्याची दुसरी आवृत्ती २००५ ची, तिसरी थेट २०१९ ची. मधल्या काळात ऐकणारा बदलला. आधी फक्त कक्ष ऐकत होता, त्याला सेकंदाला एकदा खबर मिळाली तरी पुरे. आता गाडीलाही ऐकायचं आहे, तेही सेकंदाला दहा वेळा: कोणत्या लेनला हिरवा आहे आणि तो कधी संपणार?

हा ‘कधी’ फार अवघड. आपल्याकडे आकडे उलटे मोजणारी घड्याळं असतात, त्यामुळे हे सोपं वाटतं. पण रस्त्यात सेन्सर असलेल्या सिग्नलवर हिरवा कधी संपणार हे खुद्द कंट्रोलरलाच ठाऊक नसतं. मागून आणखी एक गाडी आली की तो दोन-तीन सेकंद लांबतो. म्हणून गाडीला जाणाऱ्या संदेशात एकच वेळ देऊन भागत नाही. ‘याआधी नाही’ आणि ‘याच्यानंतर नाही’ अशा दोन वेळा देता येतात. यंत्राने ‘नक्की सांगता येत नाही’ असं नीट सांगायची ही सोय मला फार आवडते.

दुसरा प्रश्न कुलपाचा. मूळ एसएनएमपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. तार आपली खासगी आहे, हे त्यात गृहीत धरलेलं. पुढे तारेच्या जागी रेडिओ आले. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्ते यंत्रणेच्या परवानगीने तिचेच सिग्नल तपासले. रेडिओचं बोलणं कूटबद्ध नव्हतं आणि कारखान्यातले पासवर्ड तसेच होते. लॅपटॉपवरून दिवे बदलता आले.

कूटबद्ध एसएनएमपी २००२ पासून इंटरनेटचं पूर्ण मानक आहे. मग अडतं कुठे? पेट्यांत. त्या सहजी बदलल्या जात नाहीत, त्यामुळे कक्षाला नवी भाषा शिकूनही जुनी बोलत राहावं लागतं, आणि जुनी चालू आहे तोवर ते दारही उघडंच.

एक गोष्ट मात्र त्या संशोधकांनाही जमली नाही: आडव्या-उभ्या रस्त्यांना एकदम हिरवा देणं. पेटीत एमएमयू नावाचा वेगळा पहारेकरी असतो. तो नेटवर्कचं ऐकत नाही, थेट दिव्यांकडे जाणारी वीज पाहतो. भलती जोडी दिसली की कंट्रोलरला बाजूला सारून लाल लुकलुकता करतो. मग कुणीतरी गाडी घेऊन, किल्ली घेऊन त्या चौकात जायचं आणि तो हाताने रिसेट करायचा. अशा पंचवीस चौकांचा एकदम लाल लुकलुकता झाला, तर पंचवीस फेऱ्या.