ऊनोची बायको

नमस्कार मंडळी. आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं ध्यान आधी डोळ्यांसमोर आणा. पुढचे दात पडलेले, दाढीचे खुंट वाढलेले. अंगात जाळीची गंजी, तीही जागोजागी फाटलेली, आणि तिच्यावर कधी काळी काळा असावा असा कोट. हा माणूस काम करत नाही. सोफ्यावर पडून राहतो, भूक लागली की फ्रीजपाशी जातो आणि आत जे सापडेल ते उभ्याउभ्या संपवतो. त्याचं नाव ऊनो तुर्हापुरो. फिनलंडमध्ये हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण.

आधी नावाचं सांगते. ऊनो हे जुन्या पिढीत पुरुषांना ठेवलं जाणारं खरंखुरं नाव, पण बोलीभाषेत त्याचा अर्थ बावळट, खुळा. आडनावात ‘तुर्हा’ म्हणजे निरुपयोगी आणि ‘पुरो’ म्हणजे ओढा. फिनिश आडनावं पुष्कळदा डोंगर, बेट, ओढा, प्रवाह अशा निसर्गातल्या शब्दांवरून आलेली असतात. त्यामुळे हे आडनाव कानाला अगदी घरचं वाटतं आणि अर्थ कळला की हसू फुटतं.

मी एस्पोला राहायला गेले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. हेलसिंकीला लागून असलेलं हे शहर. नोकियाचं मुख्य कार्यालय तिथेच, त्यामुळे मराठी घरंही बऱ्यापैकी. संध्याकाळच्या वर्गात मी फिनिश शिकत होते आणि सरावासाठी शेजारच्या आजींकडे जाऊन बसायचे. तिथे थोरामोठ्यांनाही नावानेच हाक मारतात, मीही मारायचे, पण मनात त्या आजीच होत्या. एका शनिवारी टीव्हीवर ऊनोचा जुना सिनेमा लागला होता. आजींच्या हातात मोज्याचं विणकाम. ऊनो फ्रीजमधलं खात होता, तोंडातून आवाज काढत होता, मला हसू आवरेना. आजी विणत राहिल्या. मग पडद्यावर त्याची बायको आली, त्याच्याकडे बघून क्षणभर थांबली आणि तिने मान वळवली. तेव्हा आजी हसल्या. सुया मांडीवर ठेवून, मनापासून हसल्या.

त्या दिवसापासून मी हे सिनेमे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि आज जे सांगणार आहे ते तिथूनच सुरू झालं. स्वार्थी नवऱ्याचं सोंग कोणी कितीही झकास वठवलं तरी मी त्याची बायको बघते. ती काय करते आहे, कोणाचे पैसे खर्च होत आहेत, तिला स्वतःचं एखादं हशाचं वाक्य दिलंय का, हे बघते. फिनलंडमध्ये या सोंगाची निदान तीन रूपं झाली आणि तिन्हींत बायकोची जागा वेगवेगळी आहे.

पहिलं रूप पेक्का पूपाचं. पूपा म्हणजे लाकडी डोक्याचा, आपण ठोंब्या म्हणू. ओला फोगेलबेर्ग या चित्रकाराने १९२५ साली त्याची चित्रकथा सुरू केली, सहकारी ग्राहक चळवळीच्या नियतकालिकात. पुढे १९५३ ते १९६० या काळात त्याच्यावर तेरा सिनेमे निघाले. पेक्काची भूमिका एसा पाकारिनेन करायचे. पेक्काची बायको युस्तीना धिप्पाड, करड्या आवाजाची, आणि तिच्या हातात लाटणं. होय, लाटणंच! हजारो मैलांवर, जिथे चपाती माहीत नव्हती तिथेही बायकोच्या हातात विनोदी लेखकांनी हेच हत्यार दिलं. बायकोच्या धाकातल्या नवऱ्याला फिनिशमध्ये ‘तोह्वेलिसान्कारी’ म्हणतात, म्हणजे सपातांचा वीर. इथे हसायचं कोणाला? पेक्काला थोडं आणि युस्तीनाला पुष्कळ. नवरा कामचुकार आहे, मित्राबरोबर गावभर भटकतो, हे सगळं प्रेक्षकांना दिसतं, तरी सहानुभूती त्यालाच मिळते, कारण घरी ‘ती’ आहे. सीरी आंगेर्कोस्की या फार मोठ्या ताकदीच्या नटीने युस्तीना उभी केली. त्या भूमिकेतला राग खरा वाटतो. म्हणूनच मला त्या सिनेमांचं वाईट वाटतं. त्या रागाला कारण आहे, आणि कथा ते कारण एकदाही विचारत नाही.

दुसरं रूप ऊनो. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

ऊनो जन्मला टीव्हीवरच्या स्किटमध्ये, १९७१ साली, ‘स्पेदे शो’ या कार्यक्रमात. स्पेदे म्हणजे पेर्त्ती पासानेन, १९३० चा जन्म, रेडिओवरून आलेला विनोदी नट, लेखक, निर्माता. ऊनोची भूमिका केली वेसा-मात्ती लोइरी यांनी. या लोइरींचं मला सांगायलाच हवं. ज्या माणसाने हा बोळका गचाळ नवरा उभा केला, त्याच माणसाने १९७८ साली एइनो लेइनो या थोर फिनिश कवीच्या कवितांच्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि तो आवाज ऐकून आजही तिथली माणसं गप्प होतात. १९८० मध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत ते फिनलंडकडून गायले, बासरीही वाजवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आजी त्यांच्या गाण्यांविषयी बोलायच्या तेव्हा आवाज खाली यायचा, आपण एखाद्या कीर्तनकाराविषयी बोलताना येतो तसा.

पहिला ऊनोपट आला १९७३ साली, दिग्दर्शक एरे कोक्कोनेन. त्यानंतर कित्येक वर्षं हे सिनेमे येत राहिले. समीक्षकांनी ते झोडपले, लोकांनी थिएटरं भरली. ऊनो लष्करात जातो तो १९८४ चा सिनेमा साडेसात लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत होती. तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरूनही सहा-सात माणसांमागे एक!

गोष्ट नेहमी एकाच घराभोवती फिरते. एलिसाबेथ ही बड्या उद्योगपतीची मुलगी. तिच्या वडिलांना, तूरासाहेबांना, ‘वुओरिनेउवोस’ ही पदवी आहे. शब्दशः अर्थ खाणसल्लागार, पण खाणीशी तिचा संबंध उरलेला नाही. उद्योगातल्या मातब्बर माणसांना राष्ट्राध्यक्ष ही पदवी देतात. सासऱ्याला जावई नकोसा, जावयाला सासऱ्याचा पैसा हवासा. आणि मधे एलिसाबेथ, नीटनेटकी, सुंदर, सुशिक्षित. मार्यात्ता राइता या नटीने ती वर्षानुवर्षं केली.

१९७३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी फिनलंडमध्ये पाळणाघरांचा कायदा अमलात आला. मुलांची दिवसभराची सोय करणं ही नगरपालिकांची जबाबदारी ठरली. तिथल्या बायका आधीपासूनच मोठ्या संख्येने घराबाहेर पूर्णवेळ काम करत होत्या, आता त्या कामाला कायद्याने आधार दिला. मतदानाचा हक्क त्यांना १९०६ मध्येच मिळाला होता, आणि १९०७ मध्ये १९ बायका संसदेत निवडून गेल्या. नवऱ्याच्या पालकत्वातून बायकोला मोकळं करणारा विवाह कायदा १९३० पासून लागू झाला. म्हणजे कागदावर घर बदललं होतं. त्याच सुमारास उत्तरेकडची, पूर्वेकडची शेतं-जंगलं सोडून माणसं दक्षिणेच्या शहरांत येत होती, स्वीडनला जात होती. कुऱ्हाड आणि घोडा यांच्यावर ज्याचं मोठेपण उभं होतं असा पुरुष चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला. तिथे त्याने करायचं काय? भांडी घासायची, मुलाला पाळणाघरात सोडायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायची त्याची तयारीही नव्हती. मला वाटतं, ऊनोचा सोफा तिथे आहे. जुन्या वळणाच्या नवऱ्याकडून हुकमत गेली आणि फक्त सेवा करून घ्यायची सवय उरली, तर जे शिल्लक राहील ते म्हणजे ऊनो. त्याची जाळीची गंजीही मुळात कष्टकऱ्याची आणि शिपायाची. थंडीत अंगाशी हवा धरून ऊब देते म्हणून घालायची. ऊनो ती सोफ्यावर घालून पडतो.

इथपर्यंत हे सोंग मला फार अचूक वाटतं. पण लेखकांनी ऊनोला आणखी एक देणगी दिली आणि तिथे माझं भांडण सुरू होतं. ऊनोला सगळं येतं. वाद्य हातात घेतलं की तो वाजवतो, खेळात उतरला की जिंकतो, आणि त्या अवतारातही बायका त्याच्यावर भाळतात. १९७७ च्या एका सिनेमाच्या लांबलचक नावाचा उत्तरार्ध असा आहे: ‘ऊनो तुर्हापुरोला एवढी सुंदर आणि श्रीमंत बायको कशी मिळाली’. प्रश्न पुरुषाच्या बाजूने, कौतुकाने विचारलेला. हाच प्रश्न एलिसाबेथच्या बाजूने विचारून बघा: एवढ्या शहाण्या बाईच्या वाट्याला हा संसार का आला आणि ती तो का ओढते? त्या प्रश्नावर सिनेमा गप्प. प्रतिभा म्हटलं की आळस माफ, हसवतो म्हटलं की स्वार्थ माफ. एलिसाबेथला युस्तीनासारखं लाटणं दिलं नाही ही प्रगतीच. पण तिला हशाची वाक्यंही दिली नाहीत. तिच्याकडे आहे ते फक्त बघणं. मार्यात्ता राइता यांनी त्या बघण्यातून जे काढलं ते विलक्षण आहे: संताप, शरम, थोडी माया, आणि उद्याही हेच असणार हे ठाऊक असल्याचा थकवा. आजी ज्याला हसल्या ते हेच.

आणि एक गोष्ट या सगळ्या नवऱ्यांच्या चित्रात नाही. हे नवरे हात उगारत नाहीत. प्रत्यक्षात फिनलंडमध्ये विवाहांतर्गत बलात्कार गुन्हा ठरला तो १९९४ साली. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेचं सर्वेक्षण आलं, त्यात फिनलंडमधल्या ४७ टक्के बायकांनी सांगितलं की पंधराव्या वर्षापासून पुढे कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी नावाजलेला हा देश. सोफ्यावर पडलेला निरुपद्रवी नवरा बघून हसणं सोपं जातं, ते दुसरा नवरा दृष्टीआड राहतो म्हणून.

जुन्या गाण्यांत तो दृष्टीआड नाही. एलियास ल्योनरोट या डॉक्टरने खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा केली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचलं, त्याची ५० सर्गांची आवृत्ती १८४९ ची. त्यात लग्नाचा मोठा भाग आहे. चोविसाव्या सर्गात नवरदेवाला उपदेश केला जातो: बायकोला पहिल्या वर्षी शब्दांनी शिकव, दुसऱ्या वर्षी डोळ्यांनी, तिसऱ्या वर्षी पाय आपटून. त्यावरही ऐकलं नाही तर फोक काढ, पण मारायचं ते घराच्या चार भिंतींत, अंगणात नाही, आवाज गावात जाईल. आणि चेहऱ्यावर मारू नकोस, वळ दिसला तर गावच्या बायका विचारतील, ही लढाईवर गेली होती का? लांडग्याने ओरबाडलं का? की हिचा नवराच लांडगा आहे? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मग ध्यानात आलं, त्या उपदेशात पुरुषाला भीती आहे ती एकाच गोष्टीची, गावच्या बायकांच्या तोंडाची. लग्नातली ही गाणी बायकाच गायच्या. आपल्याकडे जात्यावर बसून सासरचं सांगणारी ओवी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नवऱ्याचं सर्वांत जुनं सोंग बायकांनीच आणलं होतं.

म्हणून तिसरं रूप मला महत्त्वाचं वाटतं. २०१० च्या दशकात फिनिश सरकारी वाहिनीवर ‘सिस्कोनपेती’ नावाचा स्किटचा कार्यक्रम आला, त्यात मध्यभागी बायका. सिस्कोनपेती म्हणजे पाहुणे जास्त झाले की जमिनीवर ओळीने घातलेली अंथरुणं. मराठी माणसाला हा शब्द लगेच कळतो, लग्नघरातल्या रात्री आठवतात, दिवा मालवल्यावर बहिणींची कुजबुज आठवते. नवऱ्याला हसायचं की बायकोला, हे तिथे त्या बायका ठरवतात, आणि स्वतःलाही सोडत नाहीत.

मधल्या काळातलं एक सांगते आणि थांबते. १९८० च्या दशकात पिर्क्का-पेक्का पेतेलियुस आणि आके काल्लियाला ही जोडी गाजली. त्यांच्या स्किटमध्ये उत्तरेकडच्या सामी या आदिवासी लोकांचीही नक्कल असे, दारुडे, अस्वच्छ, खुळे म्हणून. सामी मुलांना त्या नकलेवरून पुढे कित्येक वर्षं चिडवलं गेलं. २०१९ साली पेतेलियुस यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मला त्यांचं मोठेपण वाटतं. आज ती स्किटं बघवत नाहीत, आणि ऊनो मात्र बघवतो. का, हे मी आजींना विचारलं होतं. त्या विणत होत्या, वर न बघता म्हणाल्या, “ऊनो आमच्या घरात होता ना. आम्ही आमच्याच घरातल्याला हसलो.”

त्यांच्या मुलीचं लग्न १९८६ मध्ये झालं. बायकोला स्वतःचं आडनाव ठेवू देणारा कायदा त्याच वर्षी लागू झाला होता. तिकडे घराच्या दारालाच टपालाची फट असते आणि तिच्यावर आडनाव लिहिलेलं असतं. आजी मला एकदा त्या घरी घेऊन गेल्या तेव्हा बेल वाजवायच्या आधी थांबल्या आणि दारावर बोट ठेवून दोन्ही आडनावं मला वाचायला लावली. उच्चार चुकला तेव्हा पुन्हा वाचायला लावली. आतून जावयाचा आवाज आला, दार उघडंच आहे, मी पीठ मळतोय.