बारावीनंतर: दवाखान्यातली बाकीची माणसं

नमस्कार. निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता घराघरांत एकच विषय, पुढे काय? ज्यांच्या घरी बायोलॉजी घेतलेलं पोर आहे, तिथे तर विचारायची पद्धतही ठरलेली. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही का? अरेरे, मग आता?’ जणू दवाखान्यात डॉक्टर सोडले तर बाकीचे सगळे रस्ता चुकून आत शिरलेत.

आज त्या बाकीच्यांबद्दल बोलू. नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅबवाले, एक्स-रेवाले, आणि किडनी थकली की मशीनने रक्त साफ करून देणारे डायलिसिसवाले. माणसांचं आयुष्य वाढलं, मधुमेह आणि बीपी घरोघरी आलं, तशी यांची गरज वाढत चालली आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीन पोचू लागली. मशीन काय, टेंडर निघालं की येतं. ते चालवणारं माणूस शिकून तयार व्हायला वर्षं लागतात.

मला सांगायचंय ते एवढंच. आधी काम बघा, मग कॉलेज बघा. पुन्हा सांगतो, आधी काम, मग कॉलेज.

माझे काका डायलिसिसवर होते. त्यांच्यासोबत मी जायचो. एका सुट्टीत माझा भाचा घरी आला, नुकतीच बारावी झालेली. दाजींनी त्याच्याबरोबर कॉलेजांच्या पत्रकांचा गठ्ठाच पाठवलेला. त्यातलं एक पत्रक चकचकीत, डायलिसिस टेक्नॉलॉजीची डिग्री आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नोकरी’. दाजींचा जीव त्यावर. म्हटलं, चल, आज काकाआजोबांसोबत बस.

तिथली टेक्निशियन ताई पंचविशीची असेल. आधी काकांना काट्यावर उभं केलं. “काका, तीन किलो वाढलं? कुठे जेवलात?” काका म्हणाले, “बारसं होतं. मठ्ठा फार छान झाला होता.” ताई हसली नाही. हे वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी, ते तिला चार तासांत काढायचं होतं.

मग भाच्याला म्हणाली, “हात धुऊन ये.” काकांच्या मनगटाच्या वर फिस्टुला होता, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर. तिथे तिने त्याची बोटं टेकवली. आत भिंगरी फिरतेय अशी थरथर लागते. “लागतेय ना? ही थांबली तर सुई टोचायची नाही. आधी डॉक्टरांना हाक मारायची.” पोरगं बोटं काढायलाच तयार नाही!

मशीन सुरू झालं. त्यातून रक्त साफ करणारा, पाण्यात बनवलेला द्रव मिनिटाला अर्धा लिटर वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. ते पाणी किती शुद्ध आहे हेही हिलाच बघावं लागतं.

तिसऱ्या तासाला काकांनी दोन जांभया दिल्या. बघणाऱ्याला वाटेल, झोप आली. ताई दुसऱ्या पेशंटपाशी होती, तिथूनच वळली. बीपी घेतलं, वरचा आकडा 80, म्हणजे फारच खाली. तिने पाणी काढणं थांबवलं, पाय वर केले, सलाइन सोडलं. पाच-दहा मिनिटांत काका विचारतात, “चहा मिळेल का?”

सगळं शांत झाल्यावर भाच्याने ते पत्रक ताईपुढे धरलं. तिने फोटोकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाली, “अरे, हे डायलिसिसचं मशीन कुठंय? हा व्हेंटिलेटर आहे!”

श्रोतेहो, डायलिसिसच्या डिग्रीच्या जाहिरातीत व्हेंटिलेटर! मग तिने विचारलं, “इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात? युनिट किती मशीनचं?” पत्रकात त्याबद्दल अक्षर नव्हतं. गुळगुळीत कागद मात्र झकास.

जाता जाता, नातेवाइकांसाठी त्या लोखंडी खुर्च्या कोण निवडतं, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. चार तास त्याला त्याच खुर्चीवर बसवायचंय, समोर मोठ्या आवाजात मालिका लावून. असो.

तर भाचा रिक्षात म्हणाला, “मामा, मला रक्ताचं काही वाटत नाही. पण तीच माणसं आठवड्यातून दोन-तीनदा येणार, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस त्यातलं कुणीतरी येणार नाही. ते मला झेपणार नाही.” अठरा वर्षांच्या पोराला एका दुपारी हे कळलं. आज तो एक्स-रे विभागात आहे. पेशंट येतो, श्वास रोखतो, जातो. छातीवर रेडिएशन मोजणारा बिल्ला लावून स्वारी खूश आहे.

म्हणून म्हणतो, काम बघा. लॅबमध्ये नमुन्यांशी गाठ, माणसांशी कमी. फिजिओथेरपीत तोच गुडघा महिनाभर हातात. बोलणं-ऐकणं शिकवायचं असेल, तर लहान मुलांसमोर संयम हवा. त्यासाठी बांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे.

आता थोडं नियमांचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याची सीईटी वेगळी. फिजिओथेरपीला नीट, बी.फार्म.ला एमएचटी-सीईटी. बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकलची डिग्री, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. कॉलेजात गेलात की दोनच प्रश्न विचारा. डिग्री कुठल्या विद्यापीठाची? आणि पास झाल्यावर नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे? विद्यापीठ कुठलं, कौन्सिल कुठलं. नर्सिंगचं कौन्सिल जुनं आहे. लॅब, एक्स-रे, डायलिसिस अशा कामांसाठी 2021 मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. उत्तर देताना समोरचा चहा मागवायला लागला, तर चहा प्या आणि निघा.

आणि पालकहो, ज्यांना लागू आहे त्यांनी जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यांचे अर्ज आजच टाका. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर सेतू केंद्रासमोरची रांग मी पाहिली आहे, तिथे तर त्या लोखंडी खुर्च्यासुद्धा नसतात. नमस्कार.