तीनशे साठचं गणित

(दृश्य: पडद्यावर हेडलाईट, अगदी जवळून. एकेक तुकडा जागेवर येतो.)

हा दिवा एकसंध नाही. सगळ्यात खाली काळा साचा, बॉडीच्या पत्र्यात जरासा रुतवलेला. त्यावर दोन गोल भिंगं, दोन्हींभोवती क्रोमची बारीक कडी. बाहेरच्या कोपऱ्यात नारिंगी इंडिकेटर. आणि सगळ्यांवर काच. काच साच्याच्या नेमक्या पातळीत बसवली, तर वर कोणतं पृष्ठ दाखवायचं हे संगणकाला ठरवता येत नाही आणि कॅमेरा हलला की दिवा लुकलुकतो. म्हणून काच दोन-तीन मिलिमीटर वर उचलायची. आता बघा, स्थिर झाला.

ही गाडी कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडणार नाही. ती बनते आहे ‘ऑटोमेशन’मध्ये, कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरच्या खेळात. खेळ खरं तर मोटारकंपनी चालवण्याचा. पण त्यात हौशी मंडळी आपसात गाडी बनवण्याच्या स्पर्धा भरवतात, आणि ही गाडी अशाच एका स्पर्धेसाठी आहे. या मंडळींना ती कंपनी नको असते. त्यांना हवी असते इंजिनाची आणि बॉडीची कार्यशाळा.

(दृश्य: नियमांचं पान. बोट ओळीवरून सरकतं.)

नियम एका पानात मावतात. साल १९९४. दोन आसनं. रस्त्यावर चालवता येईल अशी गाडी, ९८ ऑक्टेनचं पेट्रोल, वेग ताशी किमान ३५० किलोमीटर. बक्षीस काहीही नाही.

यातलं सगळ्यात महागडं कलम म्हणजे साल. १९९४ म्हटलं की एलईडी हेडलाईट गेले, ते पुढच्या शतकातले. झेनॉन चालेल, कारण तो १९९१ पासून गाड्यांवर आहे. कार्बन-सिरॅमिक ब्रेक विसरायचे. कार्बन फायबरचा सांगाडा मात्र चालतो, फॉर्म्युला वनमध्ये तो १९८१ लाच आला होता. नव्या स्पर्धकांचा पाय इथेच घसरतो. नाक आजच्या गाडीचं आणि आतलं यंत्र १९९४ चं, असा जोड परीक्षकाला पहिल्याच चित्रात कळतो.

(दृश्य: कोरा कागद, पेन्सिल. आकडे एकाखाली एक.)

आता बॉडी बाजूला ठेवू. गाडी खरी ठरते ती या कागदावर.

आपलं लक्ष्य ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बरोबर १०० मीटर. या वेगाला इंजिनाचा खरा शत्रू हवा असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. या गाडीचा ड्रॅग गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडतो त्याचं माप, ०.३३, समोरून दिसणारं क्षेत्रफळ १.८५ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.६१. सेकंदाला १०० मीटर वेगाला केवळ हवेसाठी ३६६ किलोवॉट खर्ची पडतात. टायरच्या घर्षणाचे पंचवीसएक मिळवा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये १२ टक्के जातात, ते धरा. उत्तर येतं साधारण ६०५ अश्वशक्ती.

हीच गाडी ३२० ला ४३० अश्वशक्तीत जाते. आणि ४०० हव्या असतील तर ८२० लागतात. शेवटच्या चाळीस किलोमीटरसाठी दोनशेहून जास्त घोडे, आणि ते घोडे थंड ठेवायला आणखी रेडिएटर. रेडिएटर आले की तोंड मोठं होतं, ड्रॅग वाढतो, पुन्हा शक्ती कमी पडते.

खऱ्या जगातली साक्ष आहेच. मॅक्लारेन एफ-वन १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर ३८६ किलोमीटरवर पोचली, ६२७ अश्वशक्तीत आणि ११३८ किलो वजनात. बुगाटी व्हेरॉन २००५ मध्ये त्याच मार्गावर ४०७ ला गेली. त्यासाठी १००१ अश्वशक्ती, चार टर्बो आणि दहा रेडिएटर लागले. वीस किलोमीटरचा फरक. कागदावर ४०० लिहिणं सोपं आहे, म्हणूनच तो आकडा दरवेळी कोणीतरी लिहितं.

(दृश्य: इंजिनाचा आडवा छेद. पिस्टन संथ गतीने वर-खाली.)

आपलं इंजिन बारा सिलिंडरचं, व्ही आकाराचं, दोन रांगांमध्ये ६० अंशांचा कोन. या मांडणीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाचे हादरे आपसूक जिरतात. बॅलन्स शाफ्ट लागत नाही. टर्बो नाही. नियमात बंदी नव्हती, निवड आहे.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८०. एका सिलिंडरमध्ये ४८७ सीसी, बारांचे मिळून ५.८४ लिटर. बोअर मोठा ठेवला की व्हॉल्व्हना जागा मिळते, प्रत्येक सिलिंडरला चार. स्ट्रोक आखूड ठेवला की पिस्टनचा वेग आटोक्यात राहतो. मिनिटाला ९००० फेऱ्यांना या पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २४ मीटर. रस्त्यावरच्या इंजिनासाठी २५ च्या आसपास थांबलेलं बरं. हाच स्ट्रोक ९० केला असता तर आकडा २७ वर गेला असता. टॉर्कचा आलेख सुंदर दिसला असता आणि कनेक्टिंग रॉडने राजीनामा दिला असता.

इथे जरा थांबून बघू. पिस्टन वरच्या टोकाला येतो, क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. पिन आणि रिंगांसकट त्याचं वजन अर्धा किलो धरा. ९००० फेऱ्यांना त्या टोकावर रॉडला बसणारी ओढ दोन टनांहून जास्त. आणि ती फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ९००० वरून ९५०० वर नेली की ओढ ११ टक्क्यांनी चढते. स्लायडर सरकवायला काही लागत नाही, म्हणून इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. मग विश्वासार्हतेचा आकडा कोसळतो आणि दोष कुठला ते उमगत नाही. दोष बहुतेकदा साध्या ओतीव रॉडचा असतो. घडीव घ्यायचे, पिस्टनही घडीव. टायटॅनियम रॉड यादीत दिसले तरी पैशाची मर्यादा असेल तर तिकडे बघायचं नाही.

(दृश्य: कॅमशाफ्टचा स्लायडर सरकतो, शेजारी शक्तीचा आलेख बदलतो.)

हा आलेख नीट पाहा. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, सौम्य आहे तेव्हा रेघ ६५०० नंतर खाली वळते. कॅम तापट केला की शिखर उजवीकडे सरकतं, पण ३००० च्या खाली दरी पडते आणि गाडी उभी असताना इंजिन मंद फेऱ्यांवर नीट टिकत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ती दरी परवडत नाही. उपाय म्हणजे कॅम मध्यम ठेवायचा आणि श्वासाची वाट मोकळी करायची: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, एक्झॉस्टचे समान लांबीचे पाईप, पुरेसा रुंद सायलेन्सर. पुष्कळदा इंजिन कॅमने नाही, अरुंद एक्झॉस्टने गुदमरलेलं असतं. आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग लाल रेघेच्या पुढेही पुरल्या पाहिजेत. नाहीतर व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून तरंगतात.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.८. ९८ ऑक्टेनला ११ चाललं असतं, पण मग ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते आणि मिळवलेलं तिथेच जातं. नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याच्या, काठावर बसवलेलं इंजिन आलेखात चांगलं दिसतं, एवढंच.

हिशेब लागला: ८५०० फेऱ्यांना ६२० अश्वशक्ती, ६५०० ला ५८० न्यूटन-मीटर.

टर्बोवाल्यांची बाजूही आहे. तीन लिटर, आठ सिलिंडर, एक बार बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, इंजिन हलकं. पण एक बारला दाबलेली २५ अंशांची हवा ११५ ते १२० अंशांवर बाहेर पडते. ती पन्नाशीत आणायला इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, इंटरकूलरला वारा, वाऱ्याला बाजूच्या तोंडांची जागा. कॉम्प्रेशनही साडेआठ-नऊवर उतरवावं लागतं.

(दृश्य: बॉडीच्या कुशीतली हवेची जाळी. कॅमेरा मागून पुढे फिरतो.)

आता या जाळीकडे या. पडद्यावरच्या गाड्यांचं सगळ्यात मोठं खोटं इथे असतं: काळा रंग दिलेला खड्डा, मागे भिंत. हवा आत जाते, बाहेर कुठून? या गाडीत कुशीतली हवा रेडिएटरमधून जाऊन मागच्या दिव्यांखालच्या पट्टीतून निघते. ती पट्टी सजावट नाही. बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा लहान केली तर हवा तोंडाशीच तुंबते आणि बाजूने सांडते. ड्रॅग वाढतो, पाणी उकळतं. सॉफ्टवेअर हे सगळं मोजत नाही, ते कूलिंगचा एक आकडा घेतं. परीक्षक मात्र मोजतात, आणि मोजायलाच हवं.

मागचा पंख. २०० ला १५० किलो दाब देतो, म्हणजे ३६० ला ४८६ किलो. एकटा लावला तर घात होतो. तो मागच्या अॅक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे मागे दाबताना पुढचं नाक उचलतो, तरफेसारखा. वेग वाढेल तसं स्टिअरिंग हलकं होत जातं. पुढे बंपरखाली ओठासारखी पट्टी हवीच, आणि तळ सपाट. स्प्रिंगही या दाबाला पुरतील अशा, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडीचं पोट जमिनीला लागतं.

(दृश्य: गिअरचे आलेख, करवतीच्या दातांसारखे.)

गिअरचं गणित सरळ आहे. मागच्या टायरचा घेर २.१४ मीटर. सेकंदाला १०० मीटर म्हणजे चाकाच्या मिनिटाला २८०० फेऱ्या. इंजिन ८५०० वर. भागाकार ३.०३. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.६० असेल, तर सहावा गिअर ०.८४. तो आणखी लांब केला तर इंजिन शक्तीच्या शिखरापर्यंत पोचतच नाही आणि गाडी पाचव्यातच जास्त पळते. हे इतक्या वेळा घडतं की काही परीक्षक पाचव्यातला वेग आधी तपासतात.

पहिला गिअर टायर ठरवतो. इंजिन मध्ये, ५८ टक्के वजन मागे, मागची चाकं ओढणारी. ग्रिप गुणांक १.१ धरला आणि वजनाचं मागे सरकणं हिशेबात घेतलं, तर निघताना ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट प्रवेग मिळतो. शून्य ते शंभरला साडेतीन सेकंद. त्याखालचा आकडा या मांडणीत दिसला तर आधी टायर तपासा.

(दृश्य: लाल झालेली ब्रेक डिस्क, अंधारात.)

१४०० किलोची गाडी ३६० वर सात मेगाज्यूल घेऊन धावते, १०० वरच्या तेरापट. चार लोखंडी डिस्क मिळून ३६ किलो. सगळी ऊर्जा त्यांच्यातच गेली तर एका थांब्यात तापमान ४२० अंशांनी चढेल. हवा थोडा भार उचलते, तरी दुसऱ्या थांब्याला पेडल मऊ होतं. म्हणून पुढच्या बंपरमधून ब्रेककडे नळी, आणि पुढे ३६० मिलिमीटरपेक्षा लहान डिस्क नाही. चाक निवडताना हे आधी बघायचं. सतरा इंचांच्या चाकात डिस्क बसते, कॅलिपर बसत नाही, आणि मग चाकांवरच्या सगळ्या कमानी पुन्हा ओढाव्या लागतात.

(दृश्य: गाडी चाचणी मार्गावर. वळण, धूर, कठडा.)

तयार गाडी ‘बीमएनजी’ या गाडी चालवण्याच्या खेळात उतरवली जाते. तिथे गाडी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक काड्या. पत्रा खरोखर वाकतो, सस्पेन्शन खरोखर दबतं. हे बघा: वळणातून बाहेर येताना पाय पेडलवर जरा लवकर पडला, मागचा भाग सुटला. आता मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीला कलू न देणारी दांडी, सैल केला, पुढचा किंचित घट्ट. तेच वळण, तोच वेग. पुढची चाकं आधी घसरायला लागतात, चालकाला वेळ मिळतो. हा किंचित अंडरस्टिअर, म्हणजे पुढची चाकं आधी घसरणं, हवाच, ६२० अश्वशक्तीच्या गाडीत तर नक्कीच. बार खूप घट्ट केला तर वळणात आतलं चाक उचललं जातं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहायचं विसरू नका. टायर फेंडर फाडून बाहेर आलेला इथेच दिसतो, चित्रांमध्ये दिसत नाही.

(दृश्य: फाईल पाठवण्याची खिडकी.)

पाठवण्याआधी मॉडेलचं साल, इंजिनाचं साल आणि नाव ठरलेल्या पद्धतीत आहे ना, हे पाहायचं. काही गाड्या एवढ्यावरच बाद झाल्या. ही गाडी तिसरी आली. परीक्षकांच्या मते आत डोक्याला जागा कमी.

(दृश्य: पहिल्या क्रमांकाची गाडी, मग नवं नियमपत्रक.)

रिवाजाप्रमाणे जिंकणारा पुढची फेरी भरवतो. साल १९७२, इंजिन पुढे, दोन लिटर, चार सिलिंडर, वजन ९०० किलोच्या आत. दुहेरी घशाचे दोन कार्ब्युरेटर की एकच, यावर मंडळींचे दोन तट आत्ताच पडले आहेत.