मोबदल्याचा पैसा आणि सीतादही

श्रोतेहो, रामराम.

तीस वर्षं मी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. सातबारा, आठ-अ, कोणाचं पीककर्ज किती, कोणाचं थकलं, कोणी बायकोची पोत गहाण ठेवून हप्ता भरला, हे सगळं माझ्या टेबलावरून गेलं. त्यामुळे ‘पैशानं सुख मिळतं का’ या विषयावर बोला असं सांगितल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ग्रंथ आले नाहीत, माणसं आली. त्यांच्याबद्दलच बोलतो. नावं सांगणार नाही; तुम्हीही शोधू नका.

आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, पैसा काय, हाताचा मळ. हे मला कधीच पटलं नाही. ज्याच्या घरात लेकरू तापानं फणफणलंय आणि खिशात तालुक्याला जायचं भाडं नाही, त्याच्यापुढे हे वाक्य बोलून बघा. पैसा नसण्याचं दुःख खरं असतं, आणि ते पैशानंच मिटतं. एक दिवस सांगतो.

मार्च महिन्याची ३१ तारीख. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की कास्तकाराला व्याज लागत नाही, म्हणून त्या आठवड्यात सोसायटीत पाय ठेवायला जागा नसते. त्यातले निम्मे नवं-जुनं करायला आलेले असतात. म्हणजे कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी शेकड्यानं पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मिळालं की त्याचे त्याला परत. कर्ज तिथंच राहतं, तारीख तेवढी पुढे जाते. पण २०२१-२२ चा हंगाम निराळा होता. कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. चार एकर कोरडवाहूचा एक कास्तकार, ज्यानं बायका-पोरांच्या अंगाला खाज सुटेस्तोवर घरात कापूस भरून ठेवला होता, तो त्या दिवशी आला आणि त्यानं सगळं कर्ज भरून टाकलं. म्हणाला, बेबाकीचा दाखला द्या. मी लिहून दिला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचलं, ‘थकबाकी निरंक.’

“निरंक म्हंजे काय जी?”

“म्हणजे काहीच नाही. तुझ्याकडे आता सोसायटीचं काहीच घेणं नाही.”

“पुन्हा एकडाव वाचा.”

मी पुन्हा वाचलं. त्यानं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीची चौपदरी घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. बाहेर त्याची बायको उभी होती. तिनं काही विचारलं नाही, याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदरानं स्वतःचंच तोंड पुसलं. पुढे कधीतरी तो मला सांगत होता, त्या रात्री लाईन गेली, पंखा बंद पडला, मच्छर चावत होते, तरी सकाळपर्यंत जाग आली नाही. श्रोतेहो, याला सुख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि ते पैशानंच आलं होतं.

याच संदर्भात मला एक अभ्यास फार उशिरा कळला. २०१३ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. संशोधकांनी तामिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी घेतले. तोच शेतकरी ऊस निघण्याआधी, म्हणजे हात अगदी तंग असताना, आणि तोच शेतकरी ऊसाचे पैसे हातात आल्यावर. दोन्ही वेळेला त्याला सारखीच कोडी सोडवायला दिली. पैसे येण्याआधी त्याचं डोकं कमी चाललं, आल्यावर जास्त चाललं. माणूस तोच, मेंदूही तोच. पैशाच्या विवंचनेनं त्यातली जागा खाल्ली होती.

हे वाचलं आणि मला माझे जून महिने आठवले. पेरणीच्या तोंडावर माणसं यायची. आठ-अ विसरून यायची, आधार कार्डाची झेरॉक्स घरीच ठेवून यायची, सही करायच्या जागी अंगठा आणि अंगठ्याच्या जागी सही. मी ओरडायचो. “लक्ष कुठं आहे रे तुझं?” असं मी किती जणांना म्हणालो असेन. लक्ष कुठं होतं ते आता कळतं. बियाणं उधारीत मिळेल का, पाऊस उघडीप देईल का, पोराची फी कधी भरायची, यात होतं. त्या सगळ्यांची मला आज माफी मागायची आहे. त्यातले काही जण हे ऐकतही असतील.

आता दुसरी बाजू. गरज भागल्यावर पुढचा पैसा काय करतो? अमेरिकेत यावर बरीच वर्षं वाद चालला. नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली मांडलं, की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे मिळकत वाढली तरी माणसाची रोजची मनःस्थिती फारशी सुधारत नाही. दुसऱ्या एका संशोधकाला उलटं दिसलं, सुख वाढतच जातं. शेवटी कानेमन आणि हा संशोधक भांडत बसण्याऐवजी एकत्र बसले आणि २०२३ साली त्यांनी मिळून सांगितलं, की बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं. पण जे सगळ्यांत दुःखी आहेत, साधारण पाचातला एक, त्यांचं एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यांचं दुःख पैसा पोचत नाही अशा जागी असतं. डॉलरचा हिशेब आपल्या शिवाराला लागू पडत नाही, ते सोडून देऊ. पण पैसा पोचत नाही अशी जागा असते, ती मी पाहिली आहे. कित्येकदा ती जागा पैसा आल्यावरच तयार होते, हेही पाहिलं आहे.

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत मोबदल्याचा पैसा आला. कुठं कोळशाच्या खाणीसाठी जमीन गेली, कुठं धरणाच्या बुडीत क्षेत्रात, कुठं रस्त्यात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गच घ्या. ७०१ किलोमीटर लांब, आणि विदर्भातल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या पाच जिल्ह्यांतून गेलेला. रस्ते नकोत असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या एकदम लाख रुपये पाहिले नाहीत, त्या घरात एका सकाळी मोबाईलवर एक मेसेज येतो आणि त्यात एवढी शून्यं असतात, की ती बोटानं मोजावी लागतात. त्या घराचं पुढे काय होतं, हे बोलायला हवं.

माझ्या ओळखीचं एक घर आहे. दोघं भाऊ, त्यांची म्हातारी माय, दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या. होतं तेवढं साडेपाच एकर वावर रस्त्यात गेलं. पैसे आले साठ लाखांच्या आसपास. बहिणींना आधीच बोलावून, साडीचोळी आणि पन्नास-पन्नास हजार देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. खरा आकडा त्यांना भावांनी सांगितलाच नाही. गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून त्यांना तो कळला. २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. लोक म्हणाले, पैसा पाहून बहिणी फिरल्या. माझं मत विचाराल तर बहिणींचं काहीही चुकलं नाही. त्यांना पैशापेक्षा जास्त लागलं ते आकडा लपवला याचं. त्या दिवाळीला भाऊबीजेला दोघीही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

थोरल्यानं स्लॅबचं घर बांधलं, चारचाकी घेतली आणि लेकीचं लग्न तालुक्याच्या मंगल कार्यालयात लावलं. डीजे, घोडा, हजार पानं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा याच मातीतले. मामाचं वावर सावकाराच्या घशात जाताना त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. कर्ज काढून लग्नाचा थाट करू नका, हे ते कीर्तनातून आयुष्यभर सांगत राहिले. थोरल्यानं कर्ज काढलं नव्हतं, रोख होती. पण रोखीचाही थाट वावरावरच झाला होता, आणि आता वावर नव्हतं. धाकट्यानं नऊ लाख कोणाच्या तरी सांगण्यावरून एका दामदुप्पट योजनेत घातले. ते गेले. ही गोष्ट त्यानं बायकोला वर्षभर सांगितली नव्हती.

यातलं मला एक फार सलतं. या घरावर पूर्वी सोसायटीचं कर्ज होतं, एक लाख चाळीस हजार. तो आकडा घरातल्या सातवीतल्या पोरालाही ठाऊक होता. माय कापूस वेचताना बायांना सांगायची, यंदा एवढे फेडायचे आहेत. कर्ज सगळ्यांचं होतं. पैसा आला तेव्हा मात्र आकडा बायकोला सांगितला नाही, मायला सांगितला नाही, बहिणींना तर नाहीच. दोघा भावांनी एकमेकांनाही अर्धाच सांगितला. ताटावर बसलं की आधी भाव, पाऊस, बैल, सोयाबीनवरची अळी असं काही ना काही बोलणं निघायचं. आता टीव्ही लागायचा.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी त्या घरी गेलो होतो. माय सकाळी सकाळी दही-भात कालवत होती. सीतादहीचा दिवस. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी घरातल्या बाया वावरात जातात, पऱ्हाटीच्या बुडाशी हळद-कुंकू वाहतात, दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिली बोंडं वेचतात. माय कालवता कालवता थांबली. हात दह्यानं भरलेला. म्हणाली, “भाऊ, मी हे कालवून तं बसली. नेऊ कोनाच्या वावरात?” मला उत्तर देता आलं नाही. बाहेर नवी चारचाकी उभी होती, तिच्या काचेवर अजून दुकानाचं प्लॅस्टिक होतं. शेवटी तिनं तो भात शेजारणीच्या वावरात नेला. शेजारीण भली बाई, तिनं आधी हिलाच पूजा करू दिली.

पैसा आला की असंच होतं, असं मात्र कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. २००९ साली वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. लहान गावाच्या मानानं पैसा मोठा होता. पण तिथं मोठे निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं व्हायचे, बाया-बापे दोघं बसून. बांबूचा पैसाही त्याच रीतीत शिरला. किती आला, मजुरी किती गेली, उरल्याचं काय करायचं, हे सगळ्यांपुढे. २०१३ मध्ये तर गावानं आपापल्या जमिनीही ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं. सगळ्या गावांना हे जमेल असं मी म्हणणार नाही, त्यामागे तिथल्या लोकांची कित्येक वर्षांची बसण्या-बोलण्याची सवय आहे. पण एवढं दिसतं, की पैसा उजेडात आला तर माणसांना तोडत नाही. आपल्या घरात दहा माणसं असतात, दहा जणांची सभा काही अवघड नाही. त्यात बायकांना बसवा. आमच्या सोसायटीच्या वसुलीत मी पाहिलं आहे, ज्या घरात बाईला आकडा ठाऊक असायचा, ते घर क्वचितच बुडालं.

आता त्या घराचं पुढचं. दीड वर्षापूर्वी धाकटा भर उन्हात माझ्या घरी आला. हातात पासबुक. म्हणाला, “काका, हिशोब मांडून द्या. जे गेलं तेही मांडा.” आम्ही दुपारभर बसलो. कागदावर एका बाजूला आलेले, दुसऱ्या बाजूला गेलेले. नऊ लाखांच्या आकड्याशी त्याची पेन्सिल अडली, मी थांबलो, मग त्यानंच लिहिलं. संध्याकाळी त्यानं तो कागद मायपुढे आणि बायकोपुढे वाचला. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, जे उरलंय त्यातून वावर घेऊ. शेजारच्या शिवारात दोन एकर कोरडवाहू मिळालं, मुरमाड आहे, पण आहे. मग त्यानं दोघी बहिणींना फोन केला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. वाटा किती द्यायचा, यावर त्यांचं बोलणं अजून चालू आहे. थोरला त्यात अजून आलेला नाही.

यंदा मायनं सीतादही त्या दोन एकरांत नेली. मीही गेलो होतो. धाकटी बहीण आली, डोक्यावर टोपलं घेऊन, आल्याबरोबर वहिनीशी बोलली. मोठी बहीण आली नाही. मायनं पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस बाजूला काढला, सरकी काढून साफ केला, कागदाच्या पुडीत बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, मोठीच्या दिव्याच्या वातींसाठी आहे, तुम्ही तिकडून जाता ना.

मंगळवारी मला त्याच रस्त्यानं जायचं आहे. पुडी माझ्या पिशवीत आहे.

नमस्कार.